गायक चितळकर : नृत्यवाद्यवृंदाच्या काळांतील एका आवाजाची मीमांसा

(१) प्रश्नाचें स्वरूप

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूर तालुक्यांत वाटूर नांवाचें गांव आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुढें परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत राहिला व १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हां त्यांत समाविष्ट झाला. कापूस व ज्वारी पिकविणाऱ्या या भागांतील सामान्य शेतकऱ्यानें मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतील नृत्यगृहाचा उंबरठा कधीं ओलांडला असेल, असें संभवत नाहीं. सॅक्सोफोन, ट्रंपेट, बोंगो हीं नांवेंही त्याच्या कानांवरून गेलीं असण्याचें कारण नव्हतें. तरीपण याच वाद्यांच्या साथीनें १९४७ ते १९५५ या काळांत मुंबईंत ध्वनिमुद्रित झालेलीं गाणीं वाटूरसारख्या शेंकडों गांवांपर्यंत पोंचलीं आणि तेथें रुजलीं. तीं आजही लग्नाच्या वरातींत वाजतात, आणि ज्यांचे आजोबा त्या वेळीं तरुण होते तीं मुलें त्यांवर नाचतात.

या गाण्यांतील पुरुषाचा आवाज बहुधा ‘चितळकर’ या नांवानें नोंदलेला आढळतो. चितळकर म्हणजेच संगीत-दिग्दर्शक सी. रामचंद्र. संगीतकार म्हणून त्यांच्या कीर्तीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु गायक चितळकर यांचा विचार बहुधा एखाद्या वाक्यांत आटोपला जातो. त्यांचा गळा बेताचा होता, तरी गाणीं लोकप्रिय झालीं, असें त्या वाक्याचें तात्पर्य असतें. वास्तविक यांतील ‘तरी’ या शब्दांतच सारा प्रश्न दडलेला आहे. बेताच्या गळ्याचीं गाणीं तीन पिढ्या कां टिकावीं, आणि ज्या मुलखांत नृत्यगृह नाहीं तेथें नृत्यगृहाचें संगीत आपलें कां वाटावें, याचा उलगडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) हळू गाणाऱ्याची कला व तिचें कारण

इ. स. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण हें केवळ यांत्रिक होतें. गायक एका मोठ्या कर्ण्यापुढें उभा राही. त्याच्या आवाजाच्या धक्क्यानेंच सुई हाले व मेणाच्या तबकडीवर रेघ उमटे. अशा यंत्रापुढें ज्याचा आवाज खणखणीत व दूरवर जाणारा असेल तोच टिके. हळू आवाज, श्वासाचा स्पर्श, शब्दाच्या शेवटीं येणारी हलकी घसर, या गोष्टी त्या कर्ण्याच्या हिशेबीं नव्हत्याच. आमच्या रंगभूमीवरील गायनाचीही हीच अट होती. बालगंधर्वांच्या काळीं नाटकगृहांत ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकापर्यंत पद पोंचविण्याची जबाबदारी सर्वस्वीं गळ्याची होती.

१९२५ नंतर विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झालें. कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. आवाजाच्या आवर्तनांची जी कक्षा पूर्वीं अत्यंत संकुचित होती ती आतां खालीं सेकंदास सुमारें १०० पासून वर सुमारें ५००० पर्यंत विस्तारली. याचा परिणाम केवळ ‘आवाज स्पष्ट आला’ एवढाच नव्हता. गायक मायक्रोफोनच्या अगदीं जवळ तोंड नेऊन बोलल्यासारखें गाऊं लागला, आणि तरी त्याचा स्वर पंधरा-वीस वाद्यांच्या वर ऐकूं येऊं लागला. मोठ्यानें न गातां मोठ्या वाद्यमेळावर स्वार होणें, ही गोष्ट मनुष्याच्या इतिहासांत प्रथमच शक्य झाली.

या शक्यतेंतून अमेरिका व इंग्लंड येथें नृत्यवाद्यवृंदाबरोबर हळुवार गाणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला. इंग्रजींत त्यांस ‘क्रूनर’ म्हणत. गुणगुणणारा असा त्याचा अर्थ करतां येईल. रूडी व्हॅली, बिंग क्रॉसबी व अल बोली हे त्यांतील प्रसिद्ध पुरुष होत. यांपैकीं अल बोली याचा हिंदुस्थानाशीं प्रत्यक्ष संबंध आला होता. दक्षिण आफ्रिकेंत वाढलेला हा गायक १९२६ मध्यें कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत जिमी लेक्विम याच्या वाद्यवृंदांत होता. पुढें लंडनमध्यें त्यानें अपार कीर्ति मिळविली आणि १७ एप्रिल १९४१ रोजीं जर्मन बाँबहल्ल्यांत तो मरण पावला. त्याचीं गाणीं मात्र मेलीं नाहींत. १९८० सालच्या एका विख्यात भयपटाच्या अखेरीस त्याचेंच १९३४ सालचें गाणें वाजतें, आणि ज्यांनीं त्याचें नांवही ऐकलेलें नसतें त्यांच्या अंगावर तें कांटा आणतें. या टिकाऊपणाचें कारण त्या आवाजाचें सामर्थ्य नव्हे. तो आवाज गर्दीला उद्देशून नसून एकाच ऐकणाऱ्याला उद्देशून आहे, हें त्याचें कारण होय. सभेंतील भाषण जुनें होतें. कानांत सांगितलेली गोष्ट तितक्या लवकर जुनी होत नाहीं.

महाराष्ट्रांतही या नव्या यंत्राचा पहिला परिणाम चित्रपटापूर्वींच दिसूं लागला होता. १९३२ च्या सुमारास जी. एन. जोशी यांनीं मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ध्वनिमुद्रिकेवर गायिली. मराठी भावगीताच्या प्रारंभाचा विचार करतांना हिचा उल्लेख नेहमीं केला जातो. मेहकर हें वऱ्हाडांतील गांव परतूर-मंठा भागापासून फार दूर नाहीं. नाट्यगीताच्या तानांऐवजीं कवितेचा शब्द हलक्या स्वरांत कानाशीं आणून ठेवणें, ही भावगीताची रीति आणि पाश्चात्त्य क्रूनरची रीति या दोन्हीं एकाच यंत्राचीं अपत्यें आहेत. चितळकर यांचा आवाज मराठी कानांस परका वाटला नाहीं, त्याचें एक कारण ही पूर्वतयारी होय.

(३) चितळकर : चरित्राची रूपरेषा

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील पुणतांबें येथें झाला. पुणतांबें हें गोदावरीच्या कांठीं असून तेथें चांगदेवांची समाधि आहे. हीच गोदावरी पुढें पैठणावरून जाऊन आजच्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा बनते. रामचंद्र यांचें संगीतशिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे व पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झालें. तात्पर्य, त्यांची बैठक ग्वाल्हेर घराण्याच्या परंपरेंतील होती. पाश्चात्त्य संगीताचें रीतसर शिक्षण तींत नव्हतें.

१९३५ मध्यें ‘नागानंद’ या बोलपटांत त्यांनीं नायकाची भूमिका केली. परंतु नट म्हणून त्यांचा जम बसला नाहीं. नंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्यें ते किरकोळ भूमिका करीत व हार्मोनियमची साथ करीत. तेथें त्यांची भगवान पालव यांच्याशीं मैत्री झाली. अमरावतीस जन्मलेले व मुंबईच्या गिरणगांवांत वाढलेले भगवान हे कमी खर्चाचे मारामारीचे चित्रपट काढीत. त्यांच्याच दिग्दर्शनाखालीं ‘वनमोहिनी’ (१९४१) या तामीळ चित्रपटास व ‘सुखी जीवन’ (१९४२) या हिंदी चित्रपटास रामचंद्र यांनीं संगीत दिलें.

या ठिकाणीं नांवांचा एक घोंटाळा नमूद करणें अवश्य आहे, कारण जुन्या तबकड्यांची यादी करणारांस तो पदोपदीं भोवतो. एकच गृहस्थ प्रारंभींच्या चित्रपटांत ‘राम चितळकर’, कांहीं ठिकाणीं ‘अण्णासाहेब’, एके ठिकाणीं ‘शामू’ व पुढें कायमचे ‘सी. रामचंद्र’ या नांवांनीं संगीतकार म्हणून येतात, आणि गायक म्हणून ‘चितळकर’ होतात. संगीतकाराचें नांव इंग्रजी धर्तीचें व गायकाचें नांव सरळ मराठी आडनांव, ही विभागणी हेतुपूर्वक असो वा नसो, ती सूचक मात्र आहे.

‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटानें त्यांस एकदम अग्रस्थानीं नेलें. त्यानंतर ‘पतंगा’ (१९४९), ‘सरगम’ व ‘समाधि’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१), ‘अनारकली’ (१९५३) व ‘आझाद’ (१९५५) हे त्यांचे प्रमुख चित्रपट होत. २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लीस लता मंगेशकर यांनीं गायिलेल्या कवि प्रदीप यांच्या हुतात्म्यांवरील गीताचे स्वरकारही तेच. मराठींत ‘घरकुल’ (१९७०) या चित्रपटाचें संगीत व ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’ची स्वररचना त्यांनीं केली. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हें आत्मचरित्र १९७७ मध्यें प्रसिद्ध झालें. ५ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला.

(४) गोमंतकीय वादकांचा वांटा

चितळकर यांच्या मागें जो वाद्यमेळ ऐकूं येतो तो कोठून आला, हें पाहिल्याशिवाय त्या आवाजाचा उलगडा होणार नाहीं.

१९३५ मध्यें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलानें लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आणविला. त्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हे आले. त्यांच्याबरोबर व त्यांच्या सान्निध्यांत जे देशी वादक तयार झाले त्यांतील फार मोठा भाग गोमंतकीय ख्रिस्ती होता. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकविण्याची जुनी प्रथा होती. त्यामुळें लिहिलेलें संगीत पाहतांच वाजविणारा वर्ग हिंदुस्थानांत जर कोठें आयता होता तर तो तेथें. ताजमधील वाद्यवृंदाचें नेतृत्व १९३९ पासून सुमारें दोन दशकें मिकी कोरिया या गोमंतकीयाकडेच होतें.

१९४७ नंतर इंग्रज गिऱ्हाईक गेलें, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें हॉटेलांतील नृत्यरात्रींस उतरती कळा लागली. हे वादक पोटासाठीं चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. त्यांत आंतोनियु शाव्हियेर व्हाज (१९१६–१९६७) हे प्रमुख होते. गोव्यांतील हळदोणें गांवचे हे ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ओळखले जात. ते सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’मध्यें त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

या सहकार्याची रीत अशी असे. रामचंद्र हार्मोनियमवर चाल बांधीत. साहाय्यक ती स्वरलिपींत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढीत. आणि मग दोन कडव्यांमधील जागा ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांच्या परस्परसंवादानें भरून निघत. चाल मराठी बैठकीवरची, वेष नृत्यगृहाचा, अशी ही वांटणी होती. तबकडीवरील लेबलावर मात्र गायक, संगीतकार व चित्रपट यांचींच नांवें छापलीं जात. वादकांचें नांव तेथें नसे. एका संपूर्ण कारागीर-वर्गाची कामगिरी अशा रीतीनें ऐकूं येते पण वाचतां येत नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें ही उणीव मोठी आहे.

(५) आवाजाची घडण

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चितळकर यांच्या गायनांत अशा कोणत्या गोष्टी आहेत कीं ज्यांमुळें हा परका वेष मराठी अंगास बेतशीर बसला? प्रस्तुत लेखकाच्या मतें त्या तीन आहेत.

पहिली गोष्ट उच्चाराची. चितळकर गातांना बोलतात. शब्दाचा आघात जेथें बोलण्यांत पडतो तेथेंच ते गाण्यांत ठेवतात. स्वर लांबवून शब्द मोडीत नाहींत. तान घेण्याची तयारी असलेल्या, विनायकबुवांच्या शिष्यानें तान न घेणें हें अज्ञान नव्हे, संयम आहे. ‘पतंगा’मधील प्रसिद्ध युगुलगीताचें उदाहरण घ्यावें. त्यांत शमशाद बेगम या पत्नीच्या भूमिकेंत देहरादूनहून व चितळकर हे पतीच्या भूमिकेंत रंगूनहून टेलिफोनवर बोलतात. टेलिफोनच्या मुखांतही एक लहानसा मायक्रोफोनच असतो. त्यांत ओरडावें लागत नाहीं, जवळ तोंड नेऊन बोलावें लागतें. क्रूनरच्या कलेचें सारें मर्म या एका कल्पनेंत सांठविलेलें आहे. हजारों श्रोते एका खाजगी संभाषणाचे चोरटे साक्षी होतात, आणि त्या चोरटेपणांतच त्यांस गोडी वाटते. ब्रह्मदेशांतून १९४२ मध्यें पायपीट करीत परतलेल्या हिंदी लोकांची आठवण अद्याप ताजी असतां रंगूनचा विषय असा हंसत हाताळला गेला, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे.

दुसरी गोष्ट तालाची. नृत्यगृहांतील फॉक्सट्रॉट हा चार मात्रांच्या आवर्तनाचा. आमचा केरवा आठ मात्रांचा असला तरी त्याची चाल चार-चारांचीच आहे, आणि तमाशांतील ढोलकी, भजनांतील मृदंग व गांवजत्रेंतील ताशा या सर्वांस ती परिचित आहे. म्हणून ड्रम व बोंगो यांवर वाजणारा ठेका ग्रामीण श्रोत्यास ‘शिकावा’ लागला नाहीं. त्याच्या पायांस तो आधींच ठाऊक होता. पियानोच्या जागीं ढोलकी धरली तरी चितळकर यांच्या चाली उभ्या राहतात. वरातींतील बँडवाल्यांनीं हें शास्त्र न वाचतां ओळखलें, आणि क्लॅरिनेट व ट्रंपेट हीं वाद्यें त्यांच्या ताफ्यांत पूर्वींपासून होतींच. हॉटेलांतील वाद्यवृंद व गांवांतील बँड यांचें हें दूरचें नातें चितळकर यांच्या गाण्यानें जवळचें केलें.

तिसरी गोष्ट वृत्तीची. पाश्चात्त्य क्रूनर बहुधा विरही असतो. तो चांदण्यांत एकटा उसासे टाकतो. चितळकर यांचा नायक असा नाहीं. तो खिडकीखालीं शीळ घालतो, पकडला जातो, उलट उत्तर देतो, रुसतो व स्वतःवरच हंसतो. त्यांचीं उत्तम गाणीं बहुतेक युगुलगीतें आहेत व तीं सवाल-जवाबाच्या रूपाचीं आहेत. तमाशांतील गौळणींत पेंद्या व गवळणी यांची जी चकमक होते, किंवा सोंगाड्या जसा मोठ्यांच्या शब्दास शब्द लावतो, त्याच परंपरेचा हा शहरी अवतार म्हणतां येईल. ‘अलबेला’मध्यें हा आवाज भगवान यांच्या तोंडीं आहे. ठेंगणा बांधा, स्थूल अंग, साधा चेहरा आणि फारसें श्रम न घेतां कोणासही करतां येईल असा नाच, यांमुळें भगवान हा नायक असूनही गणपतीच्या मिरवणुकींतील एखाद्या शेजाऱ्यासारखा दिसे. आवाज बेताचा व नायक बेताचा. म्हणूनच श्रोत्यास त्या दोघांच्या जागीं स्वतःस कल्पितां आलें. ज्याची नक्कल करतां येत नाहीं त्या कलेस आपण नमस्कार करतों. ज्याची नक्कल करतां येते ती कला आपण घरीं नेतों.

तथापि चितळकर यांस केवळ विनोदी गायक समजणें युक्त नाहीं. ‘आझाद’मधील लता मंगेशकर यांच्याबरोबरचें प्रणयगीत ऐकावें. दिलीपकुमार यांच्यासाठीं गायिलेल्या त्या गीतांत स्वर इतका मृदु आहे कीं अनेक जाणते श्रोतेही तो तलत महमूद यांचा समजून फसतात. ‘अलबेला’ंतील अंगाईगीतही याच जातीचें. हसवितांना व जोजवितांना एकच अंतर राखणारा, म्हणजे श्रोत्याच्या कानापासून वीतभर दूर राहणारा असा हा आवाज आहे.

(६) अनुकरणाचा आक्षेप

या संगीतावर त्या काळीं जो मुख्य आक्षेप घेतला गेला तो परकीय अनुकरणाचा. हा आक्षेप घेणारांत अधिकारानें सर्वांत मोठे गृहस्थ महाराष्ट्रीयच होते. १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्र सरकारचे नभोवाणी-मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं ऑल इंडिया रेडिओवरील चित्रपटगीतांस कात्री लावली, आणि निर्मात्यांशीं वाद होऊन कांहीं काळ तीं जवळजवळ नाहींशीं झालीं. शास्त्रीय संगीतास राजाश्रय सुटल्यावर लोकाश्रय मिळावा, हा त्यांचा हेतु होता. त्यासाठीं त्यांनीं केलेलें कार्यही उपेक्षणीय नाहीं. परंतु बंदीचा परिणाम उलट झाला. डिसेंबर १९५२ मध्यें रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली व श्रोते कोलंबोकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारास स्वतःच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

अशा आक्षेपांत आमचा देश एकटा नव्हता. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनीं १९३२ मध्यें गुणगुणत्या गायकीचा जाहीर धिक्कार केला होता. आणि युद्ध चालू असतां १९४२ मध्यें बी. बी. सी. नें अति हळव्या गायकांवर निर्बंध घातले होते. तिन्हीं ठिकाणीं भाषा निराळी, पण चिंता एकच. हा आवाज पुरुषी नाहीं, राष्ट्रीय नाहीं, शिस्तीचा नाहीं, असें मोठ्या व्यासपीठांवरील लोकांस वाटे. जो आवाज व्यासपीठावरून बोलत नाहीं, परस्पर घरांत शिरतो, त्याचें त्यांस भय वाटावें हें स्वाभाविक होतें.

आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं, असें मात्र नाहीं. रामचंद्र यांच्या कांहीं चालींचे धागे तत्कालीन पाश्चात्त्य व लॅटिन अमेरिकन नृत्यगीतांशीं जुळतात हें उघड आहे. परंतु अनुकरण व आत्मसात्करण यांत भेद केला पाहिजे. फारशींतून आलेले शब्द मराठी बखरींत जसे मराठी होऊन राहिले, तसें हें संगीत झालें. ‘अनारकली’तील रागाधिष्ठित रचना करणाराच ‘अलबेला’तील बोंगोचा ठेका योजतो, त्या अर्थीं हा ठेका दारिद्र्यांतून आलेला नाहीं, निवडीनें आलेला आहे.

(७) गांवापर्यंतचा मार्ग

मराठवाड्यांत या गाण्यांचा प्रवेश ज्या मार्गानें झाला त्यास राजकीय इतिहासाची पार्श्वभूमि आहे. निजामी अमलांत दरबारची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यास कचेरींत व बाजारांत दख्खनी उर्दूचा सहवास घडे. त्यामुळें साध्या हिंदुस्थानींतील चटपटीत गीतें समजण्यास त्यास अडचण नव्हती. कदाचित् पुण्याकडील खेडुतापेक्षां ती कमीच होती. चित्रपटाच्या व्यापारांत तर त्या राज्याची सीमा राज्यापेक्षां दीर्घायुषी ठरली. ‘निझाम’ नांवाचा वितरणप्रांत राज्य जाऊनही कायम राहिला, आणि मराठवाड्याचा भाग त्यांत मोडत आला.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर जालना व परतूर हीं स्थानकें आहेत. चित्रपटाचीं रिळें व तबकड्या शहरांतून आंत जाण्याचा मार्ग लोहमार्गाचा. तेथून पुढें बैलगाडी व मोटार. महाराष्ट्रांतील खेड्यांनीं बोलपट पाहिला तो प्रामुख्यानें जत्रेंतील तंबूंत. फिरत्या तंबूचा मालक खेळापूर्वीं कर्ण्यावर गाणीं लावी, म्हणजे चित्रपट पाहण्यास दिडकी नसलेल्यासही गाणें फुकट मिळे. पुढें लग्नमंडपांत ध्वनिवर्धक आला, मागून रेडिओ, आणि १९६० नंतर हातांत नेण्याजोगा ट्रान्झिस्टर. शेतांत मोटेच्या वा इंजिनाच्या कडेला ठेवलेल्या त्या पेटींतून कोलंबोचा आवाज येई. नृत्यगृहांत जोडप्यानें ऐकावयाचें गाणें रानांत एकट्यानें ऐकिलें गेलें. आणि हळू गाणाऱ्याची कला मुळांत एकट्या श्रोत्यासाठींच असल्यामुळें तें तेथें अधिकच सार्थ झालें. मूळ प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. नृत्यगृह हें या संगीताचें जन्मस्थान होतें, पण त्याचें खरें घर श्रोत्याचा कान हें होतें. आणि तो वाटूरच्या माणसाजवळही होताच.

(८) टिकाऊपणा व साधनांची स्थिति

या आवाजाच्या दीर्घायुष्याचीं प्रमाणें पुष्कळ आहेत. ‘अलबेला’ १९७० नंतरच्या दशकांत पुनः प्रदर्शित झाला तेव्हांही गर्दी जमली. त्यांतील नाचाची ढब पुढील पिढीच्या नटांनीं उचलली. आणि २०१६ मध्यें भगवान यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. तबकडीवरून रेडिओ, रेडिओवरून कॅसेट व कॅसेटवरून आजच्या खिशांतील यंत्रावर हीं गाणीं आलीं. कानांस लावलेल्या लहानशा पेटींतून आज तीं ऐकिलीं जातात तेव्हां क्रूनरला अभिप्रेत असलेलें अंतर जणू नव्यानें साधलें जातें.

परंतु गाणें टिकलें म्हणून त्याचा इतिहास टिकला असें होत नाहीं. लाखेच्या त्या दहा इंची तबकड्या, ज्यांच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणें मावे, ठिसूळ असतात व मोडीच्या भावानें जातात. त्यांवरील क्रमांक, लेबलें व विक्रेत्यांचे शिक्के हीं इतिहासाचीं साधनें आहेत, याची जाणीव अद्याप व्हावयाची आहे. कोणतें गाणें कोणत्या गांवीं केव्हां पोंचलें हें शिक्क्यावरून कळतें. फिरत्या तंबूंचीं हस्तपत्रकें, बँडवाल्यांच्या वह्या, गोमंतकीय वादकांनीं लिहून ठेवलेलीं स्वरलिपीचीं पानें यांचीही तीच दशा आहे. मोडी दप्तरें शोधण्यास आपण जितक्या चिकाटीनें वाडे धुंडाळले, तितक्याच चिकाटीनें आतां माळ्यांवरील पेट्या व बाजारांतील जुन्या दुकानांचीं फळ्यांचीं कपाटें पाहिलीं पाहिजेत. मराठवाड्यांत हें काम विशेष निकडीचें आहे. ज्यांनीं तंबूंत ‘अलबेला’ पाहिला त्यांपैकीं आज हयात असलेले बहुतेक वृद्ध आहेत, आणि त्यांची साक्ष कोणत्याही दप्तरांत नाहीं.

चितळकर यांच्या मोठेपणाचें माप त्यांच्या गळ्याच्या पल्ल्यावरून घेतलें तर तें लहान भरतें. त्यांनीं किती परकें संगीत किती परक्या श्रोत्यांचें करून दाखविलें यावरून घेतलें तर तें फार मोठें भरतें. गोदाकांठच्या एका विद्यार्थ्यानें ग्वाल्हेरची बैठक, गोमंतकाची स्वरलिपि व अमेरिकेचा ठेका एकत्र आणून तें सारें बोलण्याच्या सुरांत सांगितलें. तें ऐकणारांस यांतील एकाही गोष्टीचें नांव ठाऊक असण्याची गरज पडली नाहीं. त्या आवाजाच्या टिकाऊपणाचें हेंच कारण आहे. तीं नांवें जपून ठेवणें हें काम ऐकणारांचें नव्हे. तें इतिहास लिहिणारांचें आहे.